‘अरे’पासून ‘अहो’पर्यंत : संबोधनाचा प्रश्न आणि आपला धम्म

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गाच्या वतीने दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात विहाराचा इतिहास सांगावा, पायाभरणीच्या वेळी कुणी विटा वाहिल्या, कुणी पत्रे दिले, कुणी महिन्याचा पगार आणून ठेवला याची आठवण काढावी, असा आपला शिरस्ता आहे. ते काम ज्येष्ठांनी आत्ताच केले. आम्हा अभ्यासवर्गाच्या मंडळींवर समितीने वेगळा विषय सोपवला आहे. तो सोपा नाही. या विषयावर समितीच्या बैठकीत आवाज चढले, दोन जण उठून गेले, आणि अजूनही आपसांत कुजबुज चालू आहे. कुजबुजीपेक्षा उघड चर्चा बरी, म्हणून आज आम्ही उभे आहोत.

विषय असा. गेल्या वर्षावासात आपण रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन केले. आपल्याच वस्तीत वाढलेली एक व्यक्ती पांढरी साडी नेसून वाचनाला येऊ लागली. शाळेच्या दाखल्यावर नाव मुलाचे. आता तिने स्त्रीचे नाव घेतले आहे. तीन महिन्यांत तिचा एकही दिवस चुकला नाही. समारोपाला खीरदान झाले, दानदात्यांची यादी वाचली गेली, आणि यादीत दाखल्यावरचेच नाव आले, मागे ‘आयुष्मान’ लावून. तेव्हा ती उठून एवढेच म्हणाली, ‘‘माझं नाव ते नाही. मला आयुष्मती म्हणा.’’ एवढ्यावरून वादाला तोंड फुटले. या भाषणात आम्ही तिला ‘ती’ म्हणणार आहोत. का म्हणणार, त्याची कारणे देणे हेच या भाषणाचे काम आहे.

समितीत तीन मते पडली. पहिले मत असे की, निसर्गाने जे दिले ते दिले. पुरुषाला बाई म्हणणे म्हणजे खोटे बोलणे, आणि पंचशीलात खोटे बोलायला मनाई आहे. दुसरे मत असे की, माणसाने स्वतःची ओळख स्वतः सांगितली की विषय संपला, चर्चा करणे हाच अपमान. तिसरे मत सगळ्यांत मोठ्या गटाचे. ते म्हणतात, ‘‘येऊ द्या, बसू द्या, जेवू द्या, पण हा ‘तो’ आणि ‘ती’चा घोळ कशाला? एका शब्दाने काय होतंय?’’

आम्ही या तिसऱ्या मतापासून सुरुवात करतो. एका शब्दाने काय होते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

बंधू-भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गावात काय चालत असे ते आठवा. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचे दहा वर्षांचे पोर ‘अरे’ म्हणून हाक मारी. नाव धोंडिबा असले तरी तोंडात ‘धोंड्या’. बाईचे नाव सखूबाई असले तरी ‘सखे’. उलट त्या म्हाताऱ्याने पोराला ‘अहो’ म्हणायचे, आणि वर ‘जोहार मायबाप’. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर हा सर्वनामाचाच प्रश्न होता. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ही सर्वनामेच आहेत. कुणाला कोणते सर्वनाम मिळायचे हे माणसाच्या वयाने, शिक्षणाने, वागण्याने ठरत नव्हते, जन्माने ठरत होते. आणि ज्याला ‘तू’ मिळायचे त्याला कुणी विचारत नव्हते की, बाबा रे, तुला काय म्हटलेले आवडेल?

तेव्हाही लोक म्हणतच होते, एका शब्दाने काय होतंय? जेवायला भाकर मिळतेय ना! पण ‘जोहार’ची जागा ‘जय भीम’ने घेतली तेव्हा गावोगाव लोकांनी मार खाल्ला. शब्द फुकटचा असता तर कुणी मारले नसते आणि कुणी मार सोसला नसता.

पुढे ‘हरिजन’ हा शब्द आला. शब्द गोड होता, देणाऱ्याचा हेतू चांगला होता असे सांगितले गेले. १९३८ च्या जानेवारी महिन्यात मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याच्या दुरुस्तीत हा शब्द घातला गेला, तेव्हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी हरकत घेतली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून बाहेर पडले. शब्द चांगला की वाईट, एवढ्यापुरता तो प्रश्न नव्हता. आम्हाला काय म्हणायचे ते आम्हाला विचारल्याशिवाय ठरवणारे तुम्ही कोण, हा प्रश्न होता.

आणि नामांतर? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली, लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. कशासाठी? नावासाठी. त्या वेळीही शहाणे लोक म्हणत होते की, नाव बदलून पोट भरते का! असे बोललेले आपण सोसले आहे. तेच वाक्य आपल्याच तोंडून दुसऱ्या कुणाला ऐकू येऊ नये, असे आम्हाला वाटते.

आता भाषेकडे वळू. या वादाबद्दल वर्तमानपत्रांत जे येते त्यातले बरेचसे परदेशातले असते. इंग्रजीत हा वाद मुख्यतः तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना होतो. ‘मी’ आणि ‘तू’ म्हणताना इंग्रजीत लिंग दिसत नाही, क्रियापदातही दिसत नाही. आपल्या मायमराठीत गोष्ट निराळी आहे. ‘मी आलो’ म्हटले की पुरुष, ‘मी आले’ म्हटले की स्त्री. ‘तू आलास’, ‘तू आलीस’. म्हणजे मराठीत माणसाला स्वतःबद्दल साधे वाक्य बोलायचे झाले तरी आधी लिंग सांगावे लागते. ज्या मुलाला आपण मुलगी आहोत असे आतून वाटते, त्याला घरात ‘मी जेवलो’ म्हणताना रोज अडखळावे लागते, आणि ‘मी जेवले’ म्हटले तर थोबाडीत बसते. आमच्याशी बोलताना ती म्हणाली, ‘‘लहानपणी मी कमी बोलायचे, कारण बोललं की पकडलं जायचं.’’ हे वाक्य आम्हाला विसरता येत नाही.

इंग्रजीतल्या काही मंडळींनी एका व्यक्तीसाठी अनेकवचनी सर्वनाम वापरण्याचा तोडगा काढला. तो उचलून मराठीत आणता येत नाही. आपल्याकडे ‘ते’ म्हणजे आदरार्थी पुरुष, नाहीतर ‘ते पोर’, ‘ते जनावर’ असे नपुंसकलिंग. रस्त्यावर तृतीयपंथी व्यक्ती दिसली की टवाळ पोरे म्हणतात, ‘‘ते बघ, ते आलं!’’ या ‘ते’त माणसाची वस्तू होते. तेव्हा परदेशी उत्तर आपल्या गळ्यात बांधून उपयोग नाही.

पण मराठीतच एक वाट आहे, आणि ती आपण रोज चालतो. ‘तुम्ही आलात’ म्हणताना समोर पुरुष आहे की स्त्री हे क्रियापद विचारत नाही. ‘आपण बसा’, ‘तुम्ही काय म्हणता’, ‘त्यांनी सांगितले’, ‘त्यांना बोलवा’, या सगळ्यांत लिंग नाही. ‘आम्ही आलो’ हे पुरुषही म्हणतात, बायकाही म्हणतात. ‘मी येईन’, ‘मी करीन’ यांतही लिंग नाही. म्हणजे बघा, मराठी माणसाला आदर देते तेव्हा लिंग विचारत नाही, दहा जण एकत्र ‘आम्ही’ म्हणतात तेव्हा विचारत नाही, आणि माणूस उद्याचा निश्चय बोलतो तेव्हाही विचारत नाही. ‘अरे-तुरे’ करायचे असेल तरच आधी ठरवावे लागते की ‘अरे’ म्हणू की ‘अगं’.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या दृष्टीने वाचून पाहा. बहुतेक प्रतिज्ञा ‘करीन’, ‘करणार नाही’, ‘मानणार नाही’ अशा भविष्यकाळी क्रियापदांत आहेत. त्या म्हणताना स्त्री, पुरुष आणि या दोहोंत न बसणारी व्यक्ती, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो. सर्व माणसे समान आहेत या अर्थाची नववी प्रतिज्ञा येते तेव्हा मात्र पुरुष ‘मानतो’ म्हणतात, बायका ‘मानते’ म्हणतात. समतेच्याच प्रतिज्ञेपाशी आपले आवाज दोन होतात! यात कुणाचा दोष नाही, भाषाच तशी आहे. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या व्यक्तीने ‘मानते’ म्हटले म्हणून शेजारच्याने वळून बघावे आणि हसावे, तर ती प्रतिज्ञा आपण नुसती पाठ केली, असेच म्हणावे लागेल.

तरीही एक खुलासा केला पाहिजे. ‘तुम्ही’, ‘त्यांनी’ असे वळसे घेऊन लिंग टाळता येते म्हणून ते कायम टाळत राहणे, ही पळवाट आहे. समोरची व्यक्ती स्पष्ट सांगते की मला ‘ती’ म्हणा, तर सरळ ‘ती’ म्हणावे. ज्याने काहीच सांगितले नाही, किंवा जिथे आपल्याला कळत नाही, तिथे ‘तुम्ही’ आहेच.

आता पहिल्या मताकडे येऊ. तथागतांची शिकवण काय सांगते?

संबोधनाचा प्रश्न धम्माच्या इतिहासात अगदी पहिल्या दिवसापासून आहे. संबोधीनंतर तथागत सारनाथला मृगदावनात आले तेव्हा पंचवर्गीय भिक्खूंनी त्यांना जुन्या सवयीने नावाने आणि ‘आवुसो’, म्हणजे मित्रा, अशी हाक मारली. तथागतांनी त्यांना थांबवले आणि तसे म्हणू नका असे सांगितले. माणूस बदलला होता, म्हणून हाकही बदलायला हवी होती. आणि महापरिनिब्बानाच्या वेळी, अगदी अखेरच्या उपदेशात, वडीलधाऱ्या भिक्खूंनी धाकट्यांना काय म्हणावे आणि धाकट्यांनी वडीलधाऱ्यांना ‘भन्ते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे, हेही तथागत सांगून गेले. आज आपण जे ‘आयुष्मान’ लावतो ते तिथूनच आले आहे. तेव्हा हाक ही क्षुल्लक गोष्ट आहे असे धम्माच्या नावाने तरी कुणी म्हणू नये.

विनयपिटकात याहून नेमका प्रसंग आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीची लक्षणे प्रकट झाली. भिक्खूंनी ते तथागतांच्या कानावर घातले. तथागतांनी चौकशी नेमली नाही, शिक्षा सांगितली नाही, चीवर उतरवायला सांगितले नाही. त्यांनी आज्ञा दिली की, तेच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तेच वर्षावास धरून तिने भिक्खुणींमध्ये राहावे. भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषाची लक्षणे प्रकट झाली तेव्हाही तसाच निर्णय दिला. यात ‘तेच वर्षावास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधीची साधना, आधीची ज्येष्ठता यांतले काही वाया गेले नाही. राहण्याची जागा बदलली, माणसाची किंमत बदलली नाही.

आम्ही इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. त्याच विनयात पण्डक आणि उभयव्यंजनक यांना उपसंपदा देऊ नये असेही नियम आहेत. ते झाकून ठेवून चालणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हे नियम भिक्खुसंघाच्या प्रवेशाचे आहेत. उपासक-उपासिका होण्यासाठी त्रिशरण आणि पंचशील पुरतात, आणि आपला प्रश्न उपासिकेचा आहे. दोन, ‘पण्डक’ म्हणजेच आजची पारलिंगी व्यक्ती, असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. उलट हेही खरे की, वर सांगितलेला प्रसंग शरीराच्या बदलाचा आहे आणि आज आपल्यापुढे येणारी माणसे बहुधा मनापासून सुरुवात करतात. तेव्हा विनयातला एक दाखला म्हणजे सगळ्या प्रश्नाचा निकाल असे आम्ही म्हणत नाही. मात्र तथागतांचा कल कोणत्या बाजूला होता, हे त्यातून दिसते.

‘‘पण हे खोटे बोलणे नाही का?’’ हा प्रश्न उरतो. आम्ही विचारतो, सासूला सून ‘आई’ म्हणते ते खोटे का? बसमध्ये अनोळखी माणसाला आपण ‘काका’ म्हणतो ते खोटे का? वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, पुरुष असलेल्या ज्ञानदेवांनाही ‘माउली’ म्हणतात. आपल्या गायक मंडळींनी बाबासाहेबांना बाप म्हटले तसे माउलीही म्हटले. तिथे कुणी जन्माचा दाखला मागितला नाही. हाक म्हणजे वैद्यकीय तपासणीचा अहवाल नव्हे. हाकेत आपण नाते सांगतो, आदर सांगतो. सम्यक वाचा तर याहून पुढे जाते. बोलणे सत्य आहे का, हिताचे आहे का, योग्य वेळी आहे का, हे पाहायला तथागत सांगतात. ‘‘तू पुरुषच आहेस’’ असे भरसभेत ओरडून सांगण्याने कुणाचे हित होते?

अभ्यासवर्गात एका तरुणाने वेगळाच मुद्दा काढला. तो म्हणाला, धम्म अनात्म सांगतो. सोमा थेरीने माराला उत्तर दिले की, चित्त स्थिर झाले, ज्ञान जागे झाले की स्त्रीपणाने काय फरक पडतो. ‘मी स्त्री’, ‘मी पुरुष’ असे ज्याला वाटते त्याच्याशी माराने बोलावे. मग ‘मला स्त्री म्हणा’ हा आग्रह म्हणजे आसक्तीच नाही का? मुद्दा अभ्यासाचा आहे. पण ही शिकवण स्वतःला लावायची आहे, दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी म्हणून ती दिलेली नाही. स्त्री-पुरुष भेद मिथ्याच असेल, तर ‘तो’च म्हणणार असा आग्रह धरणाऱ्याने आपली आसक्ती आधी सोडावी! बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर जमलेल्या लोकांना, आत्मा नाहीच तर अपमान कुणाचा, असे सांगितले नाही. माणसाला माणूस म्हणून उभे राहता आले पाहिजे, निर्वाणाच्या गोष्टी त्यानंतरच्या.

आता महिला मंडळाचा प्रश्न. तो आम्ही सर्वांत जास्त गांभीर्याने घेतो, कारण त्यात खरी काळजी आहे. भगिनींचे म्हणणे असे की, झगडून मिळवलेली स्त्रियांची जागा, राखीव पद, मुक्कामी शिबिरातली झोपण्याची खोली, यांचे काय? उद्या कुणीही उठून सांगेल. हा वाद आपल्याच विहारात नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मजात लिंगावरून घ्यायचा असा निकाल दिला. एका बाजूने आनंद झाला, दुसऱ्या बाजूने मोर्चे निघाले.

आपल्या देशात काय झाले? मध्य प्रदेशात कटनीला कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या. पद महिलांसाठी राखीव होते. निवडणुकीला आव्हान दिले गेले, आणि कमला जान कायद्याने पुरुष ठरतात म्हणून निवड रद्द झाली. २००३ मध्ये उच्च न्यायालयातही तेच कायम राहिले. त्यानंतर १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. आपले लिंग कोणते हे स्वतः ठरवण्याचा अधिकार संविधानाच्या कलम १४, १५, १६, १९ आणि २१ मधून येतो, असे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितले. बाबासाहेबांनी ज्या कलमांसाठी जिवाचे रान केले, त्याच कलमांच्या आधारे तृतीयपंथी माणूस न्यायालयात माणूस ठरला.

पुढचा प्रसंग आपल्या महाराष्ट्रातला. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. अर्ज फेटाळला गेला. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला सांगितले. सोयीप्रमाणे पुढे पुरुष म्हणून लाभ घेणार नाही, ही बाबही न्यायालयाने नोंदवून घेतली. त्या निवडणूक लढल्या आणि जिंकल्या. सतरा-अठरा वर्षांत एकाच प्रश्नाचे उत्तर कसे बदलले पाहा. भगिनींच्या शंकेला न्यायालयाने वेड्यात काढले नाही, पण शंकेपायी माणसालाही दाराबाहेर ठेवले नाही. विनयातल्या निर्णयातही हेच आहे. भिक्खुणींमध्ये राहा म्हटले, म्हणजे भिक्खुणींचे नियमही आलेच.

ही माणसे मूठभर आहेत, त्यांच्यासाठी एवढे कशाला, असेही म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ म्हणून देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, त्यांतले ४०,८९१ महाराष्ट्रातले. त्या काळात घरच्यांच्या भीतीने किती जणांनी तो रकाना टाळला असेल, याचा अंदाज आपला आपण करावा. आणि इंग्रजांनी १८७१ साली जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात या लोकांचीही नोंद ठेवण्याची तरतूद होती. आपले भटके-विमुक्त बांधव ज्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरले, त्याच कायद्याच्या कागदावर हे लोकही होते. ते आपले परके कसे?

आता दुसऱ्या मताच्या तरुण मित्रांनाही दोन शब्द. चर्चा करणे म्हणजे अपमान, हे आम्हाला मान्य नाही. मज्झिम निकायात अरणविभंग सुत्त आहे. अरण म्हणजे जिथे कलह नाही ते. त्यात तथागत भांड्याचे उदाहरण देतात. एकाच भांड्याला वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळे शब्द आहेत. माझाच शब्द खरा, बाकी सगळे खोटे, असा हट्ट धरला की भांडण सुरू होते. ज्या मुलखात जो शब्द चालतो तो तिथे वापरावा. आणि रूढ बोलणे उगाच ओलांडूनही जाऊ नये. हा उपदेश दोन्ही बाजूंना लागू आहे. तृतीयपंथी म्हणावे, पारलिंगी म्हणावे, किन्नर म्हणावे की ट्रान्सजेंडर, यावर त्या समाजातही एकमत नाही. ‘आम्ही तिसऱ्या नाही, आम्ही स्त्रियाच आहोत’ असे काही जणी म्हणतात. ‘किन्नर’ शब्दाला तर हिमाचलातल्या किन्नौरच्या लोकांनी हरकत घेतली आहे. मग आपल्या सत्तर वर्षांच्या उपासिकेच्या तोंडून चुकून जुना शब्द गेला, तर तिला लगेच मनुवादी ठरवू नका. तिने आयुष्यभर ‘अगं-अरे’ ऐकून घेतले आहे. तिला समजावून सांगितले तर ती तुमच्या आधी समजेल. समितीच्या बैठकीत जी आजी शेवटी बोलली तिचे शब्द आम्ही इथे देतो : ‘‘मला ह्यातलं काय कळत नाय. पण मला पहिल्यांदा कुणी ‘अहो बाई’ म्हणलं, तवा मी मागं वळून बघितलं होतं, की दुसरं कुणाला हाक मारली काय.’’

या सगळ्या विचारातून अभ्यासवर्ग सर्वसाधारण सभेपुढे काही सूचना ठेवत आहे. पहिली, विहाराच्या नोंदवहीत, दानाच्या पावतीवर आणि निमंत्रणपत्रिकेवर व्यक्ती स्वतः सांगेल तेच नाव लिहावे. सर्वांच्या नावामागे नुसते ‘आयु.’ लावावे, त्यात आयुष्मानही आले, आयुष्मतीही आली. माणूस गेल्यावर आपण ‘कालकथित’ म्हणतो तेव्हा लिंग पाहत नाही, मग जिवंतपणीच एवढा हिशेब कशाला? दुसरी, बोलताना ज्याने जे संबोधन मागितले ते द्यावे. चुकले तर पुढच्या वाक्यात सुधारावे. त्याचे भांडण करू नये आणि मुद्दाम चुकूही नये. तिसरी, कुणाच्याही शरीराविषयी कुणीही विचारणा करू नये. चौथी, मुक्कामी शिबिराच्या व्यवस्थेचा निर्णय महिला मंडळाने घ्यावा, मात्र जिच्याविषयी निर्णय आहे तिला समोर बसवून, तिचे ऐकून घ्यावा. तिच्या पाठीमागे ठराव नको.

या सूचना सर्वांना पटतील असे नाही. ज्यांना निसर्गाचा प्रश्न पटलेला नाही त्यांनी आपले मत जरूर मांडावे. मत बदलल्याशिवाय कुणाला विहारात जागा नाही, अशी अट आम्ही घालत नाही. आमची विनंती वागण्यापुरती आहे. एखाद्या सवर्ण मास्तरांचे जातीविषयीचे मत काय होते ते आपल्याला कधीच कळले नाही, पण त्यांनी आपल्या बापाला ‘अहो’ म्हटले हे आपण तीन पिढ्या सांगत आलो. मत मनात राहते. हाक कानावर पडते, आणि माणूस तिच्यावर जगतो.

विहाराचे दार बांधताना आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याला उंबरठा ठेवला नाही. तो तसाच राहावा, एवढीच या वर्धापनदिनी सदिच्छा.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जय भीम!